हातचाक बोलू लागते!

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून तुम्ही कधी पायी गेला आहात काय? नसाल, तर एकदा अवश्य जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लहानमोठ्या शेड दिसतील. कोठे लेथवर बीडाचा ओतीव भाग गरगर फिरत असतो, कोठे ड्रिलखालून लोखंडाचा कीस बाहेर पडत असतो. फाउंड्रीत ओतलेला ओबडधोबड भाग अचूक मापाचा करण्याचे काम अशाच यंत्रांवर होते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतही हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते.

या यंत्रांपाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या हाताकडे नीट पाहा. मिलिंग यंत्राच्या टेबलाला एक चाक असते. ते फिरवले की आतील स्क्रू फिरतो आणि टेबल सरकते. समजा, एका फेऱ्याला टेबल ५ मिलिमीटर सरकते आणि चाकाच्या कडेवर १०० रेघा आहेत. म्हणजे एका रेघेला ०.०५ मिलिमीटर झाले. चाकावर बोट ठेवून इतके बारीक अंतर मोजणारा हा कारागीर चाकावरूनच पुष्कळ काही ओळखतो. चाक जड लागले, तर टूल जास्त खोल गेले. एकदम सैल लागले, तर स्क्रूत कोठे तरी झीज झाली.

आता सीएनसी यंत्राकडे वळू. सीएनसी म्हणजे संगणकाने अंकांच्या आज्ञा देऊन चालवलेले यंत्र. त्यात स्क्रू मोटार फिरवते आणि मोटारीला संगणक आज्ञा देतो. मग हाताच्या चाकाची गरज संपली, असे वाटेल. पण तसे नाही. जॉब टेबलावर घट्ट बसवला, तरी तो नेमका कोठे आहे हे संगणकाला आपण होऊन कळत नाही. ते त्याला दाखवावे लागते. कारागीर टूल हळूहळू जॉबजवळ आणतो, मध्ये पातळ कागद धरतो आणि कागद किंचित अडकू लागला की थांबतो. “येथून शून्य मोज,” असे तो संगणकाला सांगतो. या कामासाठी हातात चाकच हवे. बटणे दाबून ते नीट साधत नाही.

म्हणून सीएनसी यंत्राला वायरच्या टोकाशी एक लहानशी पेटी लटकवलेली असते. तिला ‘पेंडंट’ म्हणतात. तिच्यावर एक चाक, काही बटणे आणि कोणती बाजू सरकवायची ते ठरवणारा खटका असतो. चाकाच्या एका फेऱ्यात बहुधा १०० टिचक्या असतात. प्रत्येक टिचकीला टेबल ठरलेले अंतर सरकते. पेटीतील चाकाला स्क्रू जोडलेला नसतो. ते फक्त टिचक्या मोजून कळवते.

जुन्या पेट्यांत प्रत्येक संकेताला वेगळी तार असे. आजच्या स्वस्त पेट्या मात्र यूएसबीच्या एकाच वायरीने जोडतात. यूएसबी हे माउस, की-बोर्ड वगैरे उपकरणे संगणकाला जोडण्याचे १९९६ साली ठरलेले प्रमाण होय. येथेच आपल्या लेखातील अडचणीला सुरुवात होते.

समजा, एका शेडमध्ये जुने मिलिंग यंत्र आहे. त्याचा बीडाचा सांगाडा भक्कम आहे, घसरण्याचे मार्ग सरळ आहेत, पण त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू जळाला आहे. नवा मेंदू मूळ कारखान्याकडून आणावा, तर खर्च परवडत नाही. भंगारात घालावे, तर जीव होत नाही. अशा वेळी एक मार्ग असतो. साधा संगणक घ्यायचा, त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि ‘लिनक्स-सीएनसी’ ही आज्ञावली चढवायची. लिनक्सचा आरंभ फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली केला. लिनक्स-सीएनसीचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९९० च्या दशकात तयार झालेल्या ‘ईएमसी’ या आज्ञावलीत आहे. सरकारी काम म्हणून ती सर्वांना खुली झाली, जगभरच्या हौशी लोकांनी ती वाढवली आणि २०११ साली तिचे नाव बदलून लिनक्स-सीएनसी झाले. दोन्ही फुकट मिळतात. शिवाय त्यांचे आतील लिखाण कोणालाही वाचता व बदलता येते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे, असे मला वाटते.

संगणक आला, मोटारी फिरू लागल्या. आता बाजारातून आणलेली यूएसबी पेटी जोडली, चाक फिरवले, आणि काहीच झाले नाही! पेटीबरोबरची आज्ञावली विंडोजसाठी आहे. लिनक्ससाठी कारखानदाराने काहीही दिलेले नाही. दुकानदार म्हणतो, “याला सपोर्ट नाही.”

पण पेटी खरोखर मुकी आहे काय?

यूएसबीचा एक शिस्तीचा नियम आहे. उपकरणाने आपण होऊन बोलायचे नाही. संगणक ठरावीक काळाने विचारतो, “काही सांगायचे आहे का?” मग उपकरण उत्तर देते. अगदी वर्गातल्यासारखेच. जोडताक्षणी संगणक प्रत्येक उपकरणाला नाव-गाव विचारतो. उपकरण दोन आकडे सांगते. पहिला उत्पादकाचा क्रमांक व दुसरा वस्तूचा. हे आकडे ० ते ६५,५३५ या दरम्यान असतात. ‘एक्सएचसी एचबी-०४’ नावाची एक चिनी पेटी सीएनसीच्या जगात बरीच पसरली आहे. तिचे क्रमांक ४३०२ आणि ६०२७२ असे आहेत. संगणकाच्या पडद्यावर ते आपल्या दहाच्या पद्धतीत न दिसता सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणजे ‘१०सीई’ आणि ‘ईबी७०’. या पद्धतीत दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांना ए, बी, सी, डी, ई, एफ अशी अक्षरे दिलेली असतात. वहीवर करून पाहा. ई म्हणजे १४, बी म्हणजे ११; चौदा गुणिले ४०९६, अधिक अकरा गुणिले २५६, अधिक सात गुणिले १६. बेरीज बरोबर येते की नाही?

म्हणजे नाव-गाव सांगितले गेले. मग अडते कोठे? माउस किंवा की-बोर्ड जोडला, तर तो आपल्या बोलण्याचा अर्थही सांगतो: ‘माझा अमुक बाइट म्हणजे आडवी हालचाल, तमुक म्हणजे उभी.’ हे वर्णन ठरावीक साच्यात असते आणि लिनक्सला तो साचा पाठ असतो. पण काही पेट्या एवढेच सांगतात, ‘मी इतके बाइट पाठवीन, त्यांचा अर्थ माझ्या मालकाला ठाऊक.’ लिनक्सला त्यांचे बोलणे ऐकू येते, अर्थ मात्र लागत नाही. अनोळखी भाषा बोलणारा प्रवासी कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर उतरला, तर तो मुका आहे असे आपण म्हणतो का?

तेव्हा काम उरते भाषा शिकण्याचे. त्यासाठी कोशाची गरज नसते. वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्यावर ते होते.

पहिली पायरी परवानगीची. लिनक्समध्ये उपकरणाचे कच्चे बोलणे सर्वांनाच ऐकता येत नाही. तो अधिकार संगणकाच्या व्यवस्थापकाला असतो. म्हणून एका लहान फाइलीत एक ओळ लिहून ठेवतात की, अमुक क्रमांकांचे उपकरण जोडले गेले तर ते या वापरणाऱ्यालाही वाचू द्यावे. येथे वर पाहिलेले दोन आकडे उपयोगी पडतात. ही ओळ राहून गेल्यामुळे दिवसचे दिवस डोके खाजवत बसणारे लोक पुष्कळ असतात.

दुसरी पायरी ऐकण्याची. पेटीकडून येणारे बाइट जसेच्या तसे पडद्यावर उमटवणारी साधने लिनक्सबरोबरच मिळतात. एचबी-०४ च्या बाबतीत दर वेळी सहा आकडे येतात. ते पाहून प्रथम काही बोध होत नाही. मग शास्त्रज्ञ करतो तेच करायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे.

खटका ‘एक्स’वर ठेवला, तर चौथा आकडा १७. ‘वाय’वर नेला, तर १८. ‘झेड’वर १९. वा! चौथा बाइट म्हणजे खटका, हे ठरले. खटका आणखी पुढे ‘ए’ या चौथ्या अक्षावर नेला. आता २० येईल असे तुम्ही छातीठोकपणे सांगाल. पण येतात २४! २० आणि २१ हे आकडे फिरणारे टूल आणि कापण्याचा वेग यांसाठी खर्ची पडलेले आहेत. म्हणून अंदाज करावा, पण लिहून घ्यावे ते पाहिलेलेच. आता ‘स्टॉप’ बटण दाबा. दुसरा आकडा ० चा २२ झाला. ‘रीसेट’ दाबा, २३. दोन बटणे एकदम दाबली, तर तिसऱ्या आकड्याची जागाही भरते. पहिला आकडा नेहमीच ४. तो केवळ निरोपाचा प्रकार सांगतो. सहावा आपण बाजूला ठेवू, चाक आणि बटणे समजण्यासाठी त्याची गरज पडत नाही.

राहिला पाचवा. चाक एक टिचकी उजवीकडे फिरवा. १ आला. भरकन फिरवा, ३ किंवा ४ आला. म्हणजे मागच्या निरोपानंतर झालेल्या टिचक्या. आता एक टिचकी डावीकडे. काय येईल? उणे एक? पडद्यावर दिसतात २५५!

हे कोडे नीट समजून घ्या, कारण यंत्रात बिघाड होतो तो बहुतेक येथेच. एका बाइटमध्ये ० पासून २५५ पर्यंत २५६ आकडे मावतात. उणे चिन्हासाठी वेगळी जागा नाही. घड्याळात बारांच्या मागे अकरा येतात, तसे बाइटच्या घड्याळात शून्याच्या मागे २५५ येतात. म्हणून ठरवून घेतले आहे की, १२७ पर्यंतचे आकडे अधिक समजायचे आणि १२८ पासून पुढचे २५६ वजा करून उणे समजायचे. २५५ म्हणजे उणे १, २५४ म्हणजे उणे २. हे विसरून आज्ञावली लिहिली, तर? एका टिचकीला ०.१ मिलिमीटर ठेवले आहे असे धरा. कारागीर टूल एक टिचकी मागे घेऊ पाहतो. यंत्र ते २५.५ मिलिमीटर पुढे नेते. टूल जॉबमध्ये घुसून तुटते, कधी तुकडा उडून माणसाला लागतो. केवळ एका वजाबाकीची किंमत!

असाच धोका दुसऱ्या एका चाकात आहे. ‘शटल-एक्सप्रेस’ नावाची तबकडी चित्रफितीचे संकलन करणाऱ्यांसाठी बनवलेली आहे. मधले चाक फिरवले की चित्र एकेक चौकट पुढे-मागे जाते. ही तबकडी काही हौशी कारागिरांनी सीएनसी यंत्राला जोडली. तिची बोली निराळी. ती टिचक्यांतील फरक न सांगता चालू मोजणी सांगते: … २५३, २५४, २५५, ०, १ … फरक आपणच काढायचा. २५५ नंतर ० आला, तर शून्यातून २५५ वजा करणारा भोळा हिशेब ‘उणे २५५ टिचक्या’ असे उत्तर देतो. वास्तविक चाक एकच टिचकी पुढे गेलेले असते. घड्याळाचा नियम येथेही लावला की उत्तर अधिक १ येते.

चित्रपटाचे उपकरण वर्कशॉपात आले म्हटल्यावर कोल्हापूरकरांना एका माणसाची आठवण झालीच पाहिजे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे नात्यातील भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, म्हणून दोघे स्वतःच कॅमेरा बनवण्याच्या खटपटीला लागले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम पुढे नेले आणि १९१८ साली कोल्हापुरातच कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. आता विचार करा. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मला प्रत्येक चौकटीमागे कडेला चार भोके असतात. कॅमेऱ्यातील यंत्रणेने फिल्म नेमकी चार भोके ओढायची, क्षणभर स्थिर धरायची, पुन्हा ओढायची. बंद पेटीच्या आत काय घडत असले पाहिजे, हे बाहेर दिसणाऱ्या भोकांवरून कळू शकते! पेंडंटचे बाइट वाचणे हे त्याच जातीचे काम आहे.

पुन्हा पेटीकडे येऊ. अर्थ लागला, आता तो यंत्रापर्यंत पोचवायचा. लिनक्स-सीएनसीमध्ये यासाठी ‘हॅल’ नावाची मोठी सोयीची रचना आहे. तिला आज्ञावलीतील स्विचबोर्ड म्हणा. प्रत्येक भागाला बाहेर टोके असतात: पेटीच्या भागाला ‘टिचक्या’, ‘एक्स निवडला’, ‘स्टॉप दाबले’ अशी, यंत्राच्या भागाला ‘एक्स बाजू इतके सरकव’, ‘कार्यक्रम थांबव’ अशी. कोणते टोक कोणत्या टोकाला जोडायचे ते साध्या मजकुराच्या फाइलीत एकेका ओळीने लिहितात. वायरमन तारा जोडतो तसेच हे, फक्त तारा कल्पनेतल्या. एचबी-०४ च्या सारख्याच दिसणाऱ्या पेट्यांत बटणांची मांडणी दोन प्रकारची आढळते. पण आकडा आणि बटण यांची जोडी अशा मजकुरात लिहिलेली असल्यामुळे मूळ आज्ञावलीला हात न लावता ती बदलता येते. या पेटीसाठी कोणी तरी ही सारी खटपट केली, आपले लिखाण सर्वांना दिले, आणि आज ते लिनक्स-सीएनसीबरोबरच येते. पेटीच्या लहान पडद्यावर टूलची जागा दाखवण्याची भाषासुद्धा त्यात उलगडलेली आहे. तो मजकूर आठ-आठ बाइटांच्या तुकड्यांनी पेटीकडे जातो.

हे सर्व प्रथम मोटारी बंद ठेवून तपासावे. लिनक्स-सीएनसी खोट्या यंत्रावरही चालवता येते. पडद्यावर आकडे सरकतात, प्रत्यक्षात काही हलत नाही. तेथे उणे-अधिक पक्के झाल्यावरच खऱ्या यंत्राकडे वळावे.

खऱ्या यंत्रावर एक नवी गोष्ट दिसते. समजा, एका टिचकीला ०.१ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला १० मिलिमीटर. तुम्ही एका सेकंदात तीन फेरे मारले. मागणी झाली ३० मिलिमीटरची. पण यंत्राचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला २० मिलिमीटर आहे. सेकंद संपला, तुमचा हात थांबला, तरी १० मिलिमीटरची उधारी बाकी! ती फेडत यंत्र आणखी अर्धा सेकंद चालत राहते. अर्धा सेकंद थोडा वाटतो, पण तेवढ्यात टूल व्हाईसवर आपटू शकते. म्हणून हॅलमध्ये एक निवड असते: चाक थांबले की उरलेली उधारी सोडून द्यायची आणि जागीच थांबायचे. पहिल्या पद्धतीत टिचक्यांचा हिशेब चोख राहतो, दुसरीत माणूस सुरक्षित राहतो. टूल जॉबच्या आसपास असताना मी तरी दुसरीच निवडीन.

आणखी एक इशारा. लिनक्स-सीएनसीचा मोटारींचा हिशेब सेकंदाला साधारण हजार वेळा, अगदी ठरल्या क्षणी होतो. त्यासाठी लिनक्समध्ये खास व्यवस्था केलेली असते. पेटीचे बोलणे वाचणारा भाग मात्र या शिस्तीच्या बाहेर असतो. संगणक दुसऱ्या कामात गुंतला, तर निरोप उशिरा वाचला जातो. मोठ्या मोटारींच्या विद्युत-गोंगाटाने यूएसबी जोडणी मध्येच तुटतेसुद्धा. ‘बटण दाबून आहे तोवर सरकत राहा’ अशी आज्ञा चालू असताना वायर निघाली, तर ‘बटण सुटले’ हा निरोप कधीच येणार नाही. चांगली आज्ञावली जोडणी तुटताच वेग शून्य करते. टिचक्यांवर चालणारे चाक या बाबतीत मुळातच बरे, कारण टिचकी नाही तर हालचाल नाही.

आणि यंत्र तत्काळ बंद करणारे ते मोठे तांबडे बटण? ते कधीही यूएसबीवर सोपवायचे नसते. त्याची तार थेट मोटारींचा वीजपुरवठा तोडणाऱ्या स्विचपर्यंत गेली पाहिजे. पेंडंटवर ‘स्टॉप’ लिहिलेले असले, तरी त्याला ‘जरा थांब’ ही विनंती समजावे.

सीएनसी यंत्र तुमच्या घरी नसणार, पण माउस असेल. ज्या संगणकावर लिनक्स आहे, तेथे शिक्षकांच्या किंवा घरातील जाणत्या माणसाच्या मदतीने माउसचे बोलणे उघडून पाहा. लिनक्स सर्व माउसांचे एकत्र बोलणे ‘माइस’ नावाच्या एका फाइलीतून तीन-तीन बाइटांत देते. माउस अगदी हळू उजवीकडे सरकवा. ८, १, ० असे आकडे दिसतील. डावे बटण दाबलेत, तर पहिला ८ चा ९ होईल. आता डावीकडे सरकवा: २४, २५५, ०. खाली ओढा: ४०, ०, २५५. मधला आणि शेवटचा आकडा २५५ का होतो, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. पण पहिला आकडा ८ चा २४ आणि ४० का होतो? तिरके खाली डावीकडे ओढले, तर तो किती होईल? आधी वहीत उत्तर लिहा आणि मग माउस हलवा.